केसांना हात लावण्याआधी

माझ्या जावयाच्या हातात कंगवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, स्वतःचे केस विंचरायला घेतलाय. त्यावरही मी काहीतरी बोललेच असते, कारण त्याच्या डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पण तो कंगवा घेऊन बाल्कनीत गेला, फरशीवर मांडी घालून बसला आणि समोर पाटावर बसलेल्या माझ्या नातीला म्हणाला, "केसांना हात लावू का?"

नातीचं वय अडीच वर्षं. ती खालच्या रस्त्यावरून जाणारे सिमेंटचे ट्रक बघत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब," म्हणाली.

आणि तो थांबला! शाळेची व्हॅन यायची वेळ झालेली, डबा भरायचा राहिलेला, आणि हा गृहस्थ हातात कंगवा धरून साहेबांच्या केबिनबाहेर बसावं तसा बसून राहिला. ट्रक गेला. मग ती म्हणाली, "आता लाव." मी स्वयंपाकघरातून हे सगळं बघत होते. म्हटलं, झालं. या पोरीचं लग्न होईपर्यंत वेणी काही पुरी होत नाही.

तोंडावर मी जावयाला अहोजाहो करते. मनात मात्र तो माझ्यासाठी 'तो'च आहे, आणि लिहिताना मनातलंच लिहावं असं मला वाटतं.

मी वाघोलीला राहायला आले त्याचं कारण माझी मुलगी. तिच्या कंपनीने घरून काम बंद करून सगळ्यांना परत हिंजवडीला बोलावलं. पुण्याच्या एका टोकाला घर घ्यायचं आणि दुसऱ्या टोकाला नोकरी करायची, हा आता इथला नियमच होऊन बसलाय. ती बिचारी पोर झोपेत असतानाच कंपनीची बस पकडते. जावयाचं काम घरूनच चालतं, पण कानाला हेडफोन लावून पोळ्या कशा लाटणार? म्हणून बुधवार पेठेतल्या माझ्या घराला कुलूप लावलं, शिलाई मशीन टेम्पोत घातलं आणि आले. तिकडे माझा शिवणक्लास होता. पेठेतल्या दोन पिढ्यांच्या मुलींना मी ब्लाउज शिवायला शिकवलं, आणि ज्यांना सरळ शिवण येत नव्हती त्यांना सरळ बोलायलाही शिकवलं.

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कोणी सांगायला नको. केस विंचरण्याच्या बाबतीत तर तो घराण्यातूनच आलाय. माझी आई मला दोन गुडघ्यांत दाबून बसवायची, खोबरेल तेल थापायची आणि फणीने असं खसाखसा ओढायची की वेणी झाल्यावर माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. शाळेत बाई विचारायच्या, "काय गं, कसलं आश्चर्य वाटतंय?" मी माझ्या मुलीला तशीच वाढवली. केस विंचरताना मुलं रडतात, जसा कुकर शिट्टी देतो. त्यात विशेष ते काय?

नातीचे केस तर बारीक, मऊ आणि कुरळे. रात्रभर उशीवर लोळली की सकाळी मागे घरटं तयार. त्या घरट्याशी जावई कसा वागायचा हे मी रोज पाहू लागले. आधी टीका करायला पाहिलं, मग सवयीने, आणि नंतर नंतर तर गॅस बारीक करून मुद्दाम बघायला जाऊ लागले.

झाडांवर पाणी मारायची एक फवारा-बाटली त्याने केसांसाठी वेगळी ठेवली होती. आधी ती नातीच्या हातात द्यायचा. ती बापाच्या तोंडावर दोनचार फवारे मारून घ्यायची, खदाखदा हसायची, आणि मग बाटली मागे द्यायची. केस ओले झाले की तेलाचे थेंब तळहातावर चोळून तो नुसती बोटं केसांतून फिरवायचा. कंगवा रुंद दातांचा. सुरुवात टोकांपासून. गुंता आला की गुंत्याच्या वर, डोक्याच्या बाजूला, बट मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ बसेल ती त्याच्या मुठीला, तिच्या डोक्याला नाही. खालचं सुटलं की थोडं वर. पुन्हा थोडं वर. मी आयुष्यभर दोऱ्यांचे गुंते सोडवलेत. पण माझा दोरा कधी "आई गं" म्हणाला नाही, म्हणून मला असं धरायचं सुचलं नसावं.

मध्येच ती मान फिरवायची. तो लगेच हात उचलायचा. "का झालं वं माय? दुखते का?" एरवी आमच्याशी अगदी पुस्तकासारखं बोलणारा हा माणूस लेकीशी बोलताना थेट यवतमाळला जायचा.

मी एकदा विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"बाबांकडून," तो म्हणाला. "आई नर्स होती, सकाळची ड्युटी असायची. बहिणींच्या वेण्या बाबाच घालायचे आणि मग ऑफिसला जायचे. बाबा फार हळू घालायचे. बहिणींना रोज शाळेत उशीर."

"आणि शिक्षा?"

"व्हायची ना. पण आईने घातलेली वेणी त्यांना नकोच असायची."

एक दिवस तर कमाल झाली. उजव्या बाजूची पोनी बांधून झाली आणि नात म्हणाली, "पुरे." जावई म्हणाला, "बरं." आणि तिला तशीच, एका बाजूला शेंडी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान, अशी व्हॅनमध्ये बसवून आला! लिफ्टमधल्या एका बाईंनी मला विचारलं, "नवी फॅशन का?" मी म्हटलं, "हो, दुसरी बाजू उद्याच्या अंकात." घरी येऊन मात्र जावयावर उखडले. "अहो, लोक काय म्हणतील? आई घरात नाही, आजी आंधळी, असंच ना?"

तो शांतपणे लॅपटॉप उघडत म्हणाला, "दुसऱ्या पोनीला ती नाही म्हणाली, आई. आज तिचं 'पुरे' मी ऐकलं, तर उद्या ती पुन्हा बसेल."

दुसऱ्या दिवशी ती खरंच बसली. आपणहून पाट ओढत आणला. त्या दुपारी मी माझ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातलं बनियनचं मऊ कापड काढलं, आत बारीक इलास्टिक घातलं आणि तिच्यासाठी केसांचे रबर शिवले. बाजारातले रबर काढताना दोन केस सोबत घेऊन निघतात. जावयाने ते हातात घेऊन ताणून पाहिले, आपल्या मनगटात घातले आणि दिवसभर तसेच ठेवले. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवरही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता या सगळ्यात एक गोष्ट होती आणि ती माझी होती. नातीचं जावळ व्हायचं होतं.

आमच्याकडे मुलगा असो की मुलगी, पोटातून आणलेले केस एकदा उतरवायचे, आणि तेही मामाच्या मांडीवर बसवून. तोवर त्या केसांना कात्री लावायची नाही. माझं तसं झालं, माझ्या मुलीचं झालं. नातीचा मामा, म्हणजे माझा मुलगा, बंगळुरूला. पहिल्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. दुसरं वर्ष समाचं, सम वर्षात करत नाहीत. आता तिसरं चालू होतं आणि तो येणार होता. मी अगदी वाट बघत होते. घरातली मोठी माणसं एकेक करून गेली, सणवार आवरते घेतले, पेठेतलं घरही बंद झालं. माझ्या हाताने पुढे जाईल अशी ही एकच रीत राहिली होती.

जावयाच्या घरी असलं काही नाही. त्याच्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांनी या सगळ्याला रामराम ठोकलाय. मुलीने मला बजावलंही होतं, "आई, त्याला हे पटत नाही हं." पण त्याने स्वतः येऊन सांगितलं, "आईंना करायचं असेल तर करू." एवढंच. त्यावर चर्चा नाही, उपदेश नाही. इतकी कमी वाक्यं बोलून हो म्हणणारा माणूस आमच्या पेठेत मिळणं कठीण.

जावळाच्या आधीच्या शनिवारची गोष्ट. आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे बिल्डिंग यायची आहे, तोवर गवत आलंय आणि शेळ्या येतात. मी नातीला शेळ्या दाखवायला नेलं. ओळखीच्या एक बाई भेटल्या, दोन शब्द बोलले. चार बोलले असेन. वळून बघते तर नात माझ्याकडे पाठ करून उभी आणि मोठ्या ऐटीत सांगतेय, "आजी, बघ, गजरा!"

मी रोज संध्याकाळी अंबाड्यात शेवंती खोवते ते तिने पाहिलं होतं. तिने तिथली कपड्यांना चिकटणारी काटेरी फळं तोडून मागच्या केसांत एकेक करून खोवली होती. नुसती खोवली नव्हती, नीट बसावीत म्हणून दाबली होती. आमच्या घरातली मुलगी, करते ते काम पक्कं करते.

घरी आणेपर्यंत त्या फळांनी केस असे धरले की मानेच्या वर एक काटेरी चेंडूच झाला. मान हलवली की टोचायचं, ती रडायची, रडली की मान हलायची. मुलगी घरी होती. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आई, कापावेच लागतील. दुसरा इलाज नाही."

माझ्या तोंडून निघालं, "जावळाआधी कात्री?"

"अगं, पुढच्या रविवारी सगळेच काढायचेत ना? मग आज एवढे गेले तर काय बिघडलं?"

बोलणं बिनतोड होतं. माझी मोठी कात्री मशीनच्या खणातच होती आणि माझा हात खणाकडे गेलाही असता. तेवढ्यात जावई आतून पक्कड घेऊन आला. खिळे उपटायची पक्कड! मला वाटलं, याचंही डोकं फिरलं.

"आईंनी कात्री नाही म्हटलंय ना," तो म्हणाला, "मग नाही लावायची."

तो तिच्यामागे बसला. "हात लावू का?" ती हुंदके देत होती, तरी त्याने विचारलं. तिने मान डोलवली, टोचलं म्हणून पुन्हा रडली. मग त्याने त्या चेंडूवर तेल जिरवलं आणि पकडीच्या टोकात एकेक फळ धरून केसांतच चिरडू लागला. फळ फुटलं की त्याचे तुकडे सुटे व्हायचे आणि तेलावरून घसरत बाहेर यायचे. नातीच्या मांडीवर त्याने स्टीलची वाटी ठेवली होती. प्रत्येक तुकडा वाटीत टाकायचा, टण्ण आवाज यायचा. तिसऱ्या-चौथ्या आवाजाला रडणं थांबलं. मग ती मोजायला लागली. एक, दोन, पाच, दोन.

मध्ये त्याला ऑफिसचा फोन आला, शनिवार असूनही. पलीकडून कोणीतरी इंग्रजीत भरभर बोलत होतं. हा खांद्याने फोन धरून ऐकत होता आणि बोटं चालूच. शेवटी म्हणाला, "सर, हातात काम आहे, नंतर करतो," आणि फोन बंद! मोठमोठ्या मीटिंगांना हो हो करणारा हा माणूस.

ती कंटाळली की तो थांबायचा. ती घरात एक फेरी मारून यायची, केळं खायची, पुन्हा येऊन बसायची. दुपार गेली, चहा झाला. मी त्याला म्हटलं, "अहो, सोडा आता. तसेही रविवारी जाणारच आहेत." मीच हे म्हणत होते, कात्री नको म्हणणारी.

तो म्हणाला, "रविवारचं रविवारी, आई. टोचतंय ते आज."

उन्हं उतरली तेव्हा केस मोकळे झाले होते. एकही बट कापलेली नाही. त्याने शेवटचा कंगवा वरून खालपर्यंत सरळ फिरवला, कुठेही न अडकता, आणि बोटं मोडली. त्याच्या बोटांना जागोजागी काटे टोचले होते. मी त्यांना हळद लावली. सासूने जावयाचे हात हातात घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. मी घेतले. असा माणूस माझ्या मुलीला मिळाला, हे मला त्या दिवशी मोठ्याने म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. पेठेतलं माणूस ते. कौतुक आलं की आधी घसा खाकरतं.

पुढचा रविवार आला. मुलगा बंगळुरूहून आला, पेठेतले आमचे जुने न्हावीकाका स्कूटरवरून एवढ्या लांब आले. माझ्या मुलीचं जावळ त्यांनीच काढलं होतं. मी नातीला नवं परकर-पोलकं शिवलं होतं. पहाटे उठून साजूक तुपातला शिरा केला. पाट मांडला, रांगोळी काढली, मुलगा पाटावर बसला, भाची मांडीवर. मी औक्षण केलं. माझ्या मनासारखं सगळं जमून आलं होतं आणि मला भरून येत होतं.

न्हावीकाकांनी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि तिच्या डोक्याकडे नेली. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"विचार," ती म्हणाली.

सगळे हसले. न्हावीकाकाही हसले. "काय विचारू बाई तुला?" मामा म्हणाला, "अगं, काही नाही होत. झाल्यावर चॉकलेट देतो." तिने हात काढले नाहीत. न्हावीकाकांचा हात पुन्हा पुढे आला. ती पुन्हा म्हणाली, "विचार."

"सगळीच पोरं असं करतात हो," न्हावीकाका मला म्हणाले. "मामा, तुम्ही डोकं घट्ट धरा बघू. एका मिनिटात उरकतो."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी जावयाकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. जावळाला हो म्हणून त्याने मला शब्द दिला होता आणि दिलेला शब्द तो मोडणार नव्हता. मुलगी फोन समोर धरून शूटिंग करत होती, तिनेही फोन खाली घेतला.

मी नातीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. घाबरलेलीही नव्हती. घाबरलेलं मूल मला कळतं. ती नुसती वाट बघत होती. इतकी माणसं जमलीत, म्हणजे यातलं कोणीतरी विचारणारच, याची तिला पक्की खात्री होती. जन्माला आल्यापासून तिच्या बापाने तिला तेवढी खात्री दिली होती, आणि आता ती मोडायची की नाही, हे माझ्या हातात होतं.

मी गुडघे टेकून तिच्यासमोर बसले. गुडघे काय ओरडले ते त्यांनाच ठाऊक. "बाळा," मी विचारलं, "केस काढायचे का? सगळे?"

तिने विचार केला. अगदी नीट केला, खाली बघून, पायाचा अंगठा हलवत. मला आत कुठेतरी अजून आशा होती, ती 'हो' म्हणेल. हे लपवत नाही.

"नाई," ती म्हणाली.

मी उठले. "नाही म्हणाली ती," मी सगळ्यांना सांगितलं.

"अहो, ते लहान पोर," न्हावीकाका म्हणाले, "त्याला काय कळतंय!"

"पोर लहान आहे," मी म्हटलं, "पण डोकं तिचंच आहे. वस्तरा ठेवा आत. शिरा खाऊन जा."

माझा आवाज मला वाटला होता तितका खणखणीत निघाला नाही. आमच्या घरातली एक रीत तिथेच, त्या रांगोळीवर संपली आणि ती मी संपवली. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. न्हावीकाकांनी पेटीचं झाकण लावलं, त्याची कडी अडकली तो आवाज आला, आणि तेव्हा कुठे माझ्या नातीने डोक्यावरचे दोन्ही हात खाली घेतले आणि शिरा मागितला.